रिपोर्टवरचं 'एएस' आणि जनुकातलं एक अक्षर

चंद्रपूरकडच्या ओळखीच्या एका काकांचा गेल्या महिन्यात रात्री साडेनऊला फोन आला. मुलीचं लग्न जवळपास ठरलेलं. तिच्या कॉलेजात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीचं शिबिर झालं, सगळ्यांबरोबर तिनंही रक्त दिलं आणि रिपोर्टवर 'एएस पॅटर्न' असं लिहून आलं. पुढची दहा मिनिटं काका एकच प्रश्न उलटून पालटून विचारत होते. "म्हणजे पोरीले बिमारी आहे का? आमच्या घरात तर कोणालेच नाही. मग हे आलं कुठून?"

ती वाहक आहे, आजारी नाही, असं मी सांगितलं. ते त्यांना पटेना. "जीनमध्ये आहे म्हणता, अन् बिमारी नाही म्हणता. हे कसं?"

प्रश्न रास्त होता. 'जीन' हा शब्द आपण नशिबाला पर्याय म्हणून वापरतो. 'हट्टीपणा त्याच्या जीनमध्येच आहे' असं सहज बोलून जातो. जीन म्हणजे जनुक, आणि जनुकात हट्टीपणा लिहिलेला नसतो. आजारही लिहिलेला नसतो. तिथे असते फक्त एका प्रथिनाची कृती, म्हणजे कोणता घटक कोणत्या क्रमानं जोडायचा एवढंच. ती कृती आणि हाडामांसाचा माणूस यांच्यामध्ये बरंच काही घडतं, आणि काकांच्या प्रश्नाचं उत्तर त्या मधल्या भागात आहे.

सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची, असं तिचं उद्दिष्ट. त्यामुळे गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट, पालघर इथल्या घराघरांत असे कागद पोचताहेत. कागदावर मात्र अर्धी ओळ असते.

प्रथिन म्हणजे नुसती डाळ आणि अंडं नव्हे

प्रथिन म्हटलं की ताटातली डाळ आठवते. पण शरीरातलं बहुतेक काम प्रथिनंच करतात. केस आणि नखं प्रथिनाची. स्नायू आखडतो तो प्रथिनांमुळे. रक्तातला प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिनही प्रथिनच.

यातलीच काही प्रथिनं रासायनिक कामं करतात. त्यांना एन्झाइम म्हणतात, पाठ्यपुस्तकात विकर. मटण लवकर शिजावं म्हणून आपण त्याला कच्च्या पपईचा कीस लावून ठेवतो, तेव्हा पपईतलं एक एन्झाइम मांसातली प्रथिनं तोडत असतं. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं, तेही वांग्यातल्या एन्झाइममुळे. एन्झाइम काम करतं आणि स्वतः खर्च होत नाही. एक तुकडा तोडला की पुढच्याला भिडतं. मात्र त्याचा आकार मोडला की ते निकामी. पपई आधी उकळून घेतली तर मटणावर तिचा काही उपयोग नाही.

आकार हाच प्रथिनाचा जीव. आणि आकार ठरतो मण्यांच्या क्रमावरून. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लं नावाच्या वीस प्रकारच्या मण्यांची ओवलेली माळ. काही मण्यांना पाणी आवडतं, काही तेलकट असतात आणि पाण्यापासून लांब पळतात, काहींवर विद्युतभार असतो. माळ ओवून झाली की या आवडीनिवडींप्रमाणे ती आपोआप दुमडत जाते आणि तिला ठरावीक आकार येतो.

"मग आपण डाळ खातो ती थेट शरीरात प्रथिन म्हणून जात नाही?" नाही. पोटात आणि आतड्यात डाळीची माळ तोडून मणी सुटे केले जातात. नवी माळ आपल्याच जनुकातल्या क्रमानं ओवली जाते. वरणाबरोबर भात खाण्यात शहाणपण आहे ते यामुळेच. तांदळात जो मणी कमी तो डाळीत भरपूर, आणि डाळीत कमी तो तांदळात पुरेसा.

मूळ नोंद आत, उतारा बाहेर

जवळपास प्रत्येक पेशीच्या केंद्रकात डीएनएची लांबलचक नोंदवही असते. एका संचात सुमारे ३०० कोटी अक्षरं, आणि आईकडून एक, वडिलांकडून एक असे दोन संच. लिपी मात्र चारच अक्षरांची: ए, टी, जी, सी. प्रथिनांच्या कृती सांगणारी जनुकं त्यात सुमारे २० हजार, आणि त्यांनी व्यापलेली जागा जेमतेम एक-दोन टक्के.

गंमत अशी की कृती केंद्रकात आणि प्रथिन ओवण्याचा कारखाना केंद्रकाबाहेर. नोंदवही बाहेर न्यायची नाही, हा नियम. आपल्याला जमिनीचं काम निघतं तेव्हा मूळ दप्तर कोणी हातात देत नाही, आपल्या गटापुरता सातबाऱ्याचा उतारा मिळतो. पेशीतही तसंच. हव्या त्या जनुकापुरता उतारा काढला जातो. तो आरएनए नावाच्या रसायनात असतो, आणि त्यात टीच्या जागी यू हे अक्षर येतं, एवढाच लिपीतला फरक. (पुढे मी सोयीसाठी डीएनएचीच अक्षरं वापरतो.) उताऱ्यातला अनावश्यक मजकूर कापून, उरलेला जोडून तो बाहेर पाठवतात. काम झालं की उतारा नष्ट होतो. मूळ नोंद जागची हलत नाही.

आणि हा उतारा काढणारं कोण? तेही एन्झाइमच. जनुकांवरून प्रथिनं बनतात आणि जनुकं वाचायला प्रथिनंच लागतात. कोंबडी आधी की अंडं, हा वाद पेशीच्या आतही आहे. तो सोडवायच्या भानगडीत इथे पडत नाही.

शरद नरम फणस उचल

बाहेर रायबोसोम नावाचं यंत्र उतारा वाचतं आणि मणी ओवतं. त्याची बारीक रचना उलगडण्यासाठी २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं, त्यात तमिळनाडूत जन्मलेले वेंकी रामकृष्णन होते.

वाचायची पद्धत पहिलीच्या पुस्तकासारखी आहे. काना-मात्रा नसलेले, तीन-तीन अक्षरांचे शब्द आठवा: *शरद नरम फणस उचल*. जनुकातही प्रत्येक शब्द तीनच अक्षरांचा. फक्त दोन शब्दांत मोकळी जागा सोडलेली नसते, रायबोसोम तीन-तीन मोजत पुढे सरकतं. एक शब्द म्हणजे एक मणी. चार अक्षरांचे तीन-अक्षरी शब्द होतात ६४ आणि मणी वीसच, त्यामुळे बऱ्याच मण्यांना एकाहून जास्त शब्द आहेत. तीन शब्द 'थांब' म्हणण्यासाठी राखून ठेवलेले. हा शब्दकोश १९६१ पासून पुढच्या पाच-सहा वर्षांत उलगडत गेला. त्यातल्या कामासाठी १९६८ चं नोबेल मिळालेल्या तिघांपैकी एक हरगोविंद खुराणा.

आता चुका पाहू. *नरम*मधल्या 'न'चा 'ग' झाला तर *शरद गरम फणस उचल*. वाक्य टिकलं, एक शब्द बदलला. पण *शरद*मधला 'र'च गळाला तर? तीन-तीन मोजणं चालूच राहतं आणि वाक्य होतं *शदन रमफ णसउ चल*. तिथून पुढचं सगळं वाया. अक्षर बदलणं आणि अक्षर गळणं या दोन चुका सारख्या का नाहीत, ते यावरून कळतं. सिकलसेलमधली चूक पहिल्या जातीची.

सहावा मणी

हिमोग्लोबिनचा एक रेणू चार माळांचा असतो, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा माळेची कृती अकराव्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे. उताऱ्याची काटछाट झाल्यावर प्रथिनाच्या कामाची अक्षरं उरतात ४४४, म्हणजे 'थांब' धरून १४८ शब्द. पहिला मणी नंतर काढून टाकला जातो, म्हणून तयार माळ १४६ मण्यांची.

तिच्या सुरुवातीला 'सीसीटी जीएजी जीएजी एएजी' असे शब्द येतात. त्यातला पहिला जीएजी हा सहावा मणी. (नव्या पद्धतीत काढून टाकलेला मणीही मोजतात, त्यामुळे काही कागदांवर 'सातवा' दिसेल. मणी तोच.) जीएजीचा अर्थ ग्लुटामिक आम्ल, पाण्यात रमणारा, ऋणभार असलेला मणी. सिकलसेलमध्ये मधल्या 'ए'ची 'टी' झालेली असते. जीएजीचं जीटीजी. त्याचा अर्थ व्हॅलिन, एक तेलकट मणी.

याच शब्दात दुसरं एखादं अक्षर बदललं असतं तर काय झालं असतं, हे पाहण्यासारखं आहे. शेवटचा जी बदलून जीएए झालं असतं, तर काहीच बिघडलं नसतं, कारण जीएएचा अर्थही ग्लुटामिक आम्लच. पहिलं अक्षर बदलून एएजी झालं असतं, तर तिसराच मणी आला असता. असे लोक खरोखर आहेत, पश्चिम आफ्रिकेत जास्त, आणि त्यांच्या हिमोग्लोबिनला 'सी' म्हणतात. त्याचा त्रास सिकलसेलपेक्षा पुष्कळ सौम्य. आणि टीएजी झालं असतं, तर तो 'थांब'चा शब्द आहे. माळ सहाव्या मण्याआधीच तुटली असती आणि त्या जनुकातून बीटा माळ मिळालीच नसती. शब्द तोच, अक्षर एकच बदललेलं, आणि चार वेगळे परिणाम. 'जनुकात दोष आहे' एवढं सांगून काहीच कळत नाही, ते यासाठी.

व्हॅलिनचा उपद्रव असा. हिमोग्लोबिननं प्राणवायू सोडला की त्याचा आकार जरासा बदलतो आणि बाजूला एक तेलकट खाच उघडी पडते. शेजारच्या रेणूचा हा तेलकट सहावा मणी त्या खाचेत बरोबर बसतो. त्याला पुढचा चिकटतो, त्याला त्याच्या पुढचा. एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू दाटीवाटीनं असतात. त्यांचे लांब, ताठ दोरे बनतात आणि चकतीसारखी मऊ पेशी विळ्यासारखी वाकडी होते. सिकल म्हणजे विळा. मऊ पेशी अंग चोरून बारीक रक्तवाहिनीतून निघून जाते, विळा अडकतो. मागची वाहतूक तुंबते, तिथे असह्य वेदना होतात. चांगली पेशी साधारण १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत फुटते, म्हणून रक्त कायम कमी.

जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतले दोन पट्टे

शिबिरात आधी सोल्युबिलिटी टेस्ट होते. नळीतल्या द्रावणात रक्ताचे थेंब टाकतात आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा स्वच्छ दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर हे व्हॅलिनवालं, 'एस' नावाचं हिमोग्लोबिन आहे. (नेहमीच्या हिमोग्लोबिनला 'ए' म्हणतात.) पण ते किती आहे, हे यातून कळत नाही. म्हणून दुसरी चाचणी, इलेक्ट्रोफोरेसिस.

यात हिमोग्लोबिनला विजेच्या प्रभावाखाली पळवतात. ऋणभाराचा मणी जाऊन बिनभाराचा आलेला असतो, त्यामुळे 'एस' हिमोग्लोबिन जरा मागे रेंगाळतं. पुढे एकच पट्टा दिसला तर 'एए', मागेच एक दिसला तर 'एसएस', दोन दिसले तर 'एएस'. काकांच्या मुलीचे दोन होते.

ही युक्ती १९४९ ची. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात याच तऱ्हेनं दाखवलं की सिकलसेल हा रेणूचा आजार आहे. नेमकं काय बदललंय हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. ते केंब्रिजमध्ये व्हर्नन इनग्राम यांनी १९५६-५७ मध्ये शोधलं. त्यांनी ट्रिप्सिन या एन्झाइमनं दोन्ही हिमोग्लोबिनचे तुकडे केले आणि ते कागदावर पसरवले. सगळे ठिपके जुळले, एक ठिपका सरकलेला निघाला. त्या तुकड्यात एकच मणी वेगळा होता. जनुकातल्या बदलामुळे प्रथिनातला एखादा मणी बदलतो, याचा हा पहिला थेट पुरावा. तेव्हा जनुकाचा शब्दकोशसुद्धा कोणाला माहीत नव्हता.

मग वाहकाला त्रास का नाही?

कारण कृतीच्या प्रती दोन असतात. मुलीकडे एक प्रत बरोबर आहे, एक चुकलेली. दोन्हींचे उतारे निघतात, दोन्ही माळा ओवल्या जातात. तिच्या प्रत्येक तांबड्या पेशीत दोन्ही प्रकारचं हिमोग्लोबिन मिसळलेलं असतं, 'एस' निम्म्याहून थोडं कमी. दोरा वाढू लागला तरी मध्ये चांगले रेणू येतात आणि तो फार लांबत नाही. फार उंचावर किंवा शरीरातलं पाणी खूप कमी झाल्यावर जपावं, हे खरं. पण रोजच्या जगण्यात ती निरोगीच.

उलट एका बाबतीत वाहक फायद्यात असतात. मलेरियाच्या सगळ्यात घातक प्रकारापासून त्यांना बरंच संरक्षण मिळतं, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतल्या अभ्यासातून मांडलं. मलेरियाच्या जंगलपट्ट्यात हे चुकलेलं अक्षर पिढ्यान् पिढ्या टिकून राहिलं, ते यामुळे. याला नुसता 'दोष' म्हणताना माझी जीभ जरा अडखळते.

जनुक आहे, पण मिटलेलं आहे

एसएस, म्हणजे दोन्ही प्रती चुकलेल्या असलेलं बाळ जन्मतः ठणठणीत असतं. पहिले काही महिने काहीच जाणवत नाही. कारण गर्भात बीटाऐवजी गॅमा नावाची माळ वापरतात. तिचं जनुक वेगळं, आणि त्यात ही चूक नाही. जन्मानंतर गॅमाचं पान हळूहळू मिटतं आणि बीटाचं उघडतं. त्रास तिथून सुरू होतो.

जवळपास प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात, पण डोळ्याची पेशी हिमोग्लोबिन बनवत बसत नाही. कुठलं पान कुठे, कधी उघडायचं हे वेगळं ठरतं, आणि ते ठरवणारीही बहुतेक प्रथिनंच.

याचं घरगुती उदाहरण खुद्द काका. दूध प्यायले की त्यांचं पोट फुगतं, ताक मात्र दोन ग्लास चालतं. दुधातली साखर तोडणारं लॅक्टेज नावाचं एन्झाइम लहानपणी भरपूर बनतं. जगातल्या बहुसंख्य माणसांत मोठेपणी ते पान मिटत जातं. कृती शाबूत असते, उतारेच कमी निघतात. ज्यांना म्हातारपणीही दूध पचतं, त्यांच्यात फरक असतो तो बटणात, आणि ते बटण शेजारच्या जनुकाच्या हद्दीत बसलेलं आहे. विरजणातले जिवाणू ही साखर थोडीफार आधीच तोडून ठेवतात, म्हणून दही-ताक सोसतं.

सिकलसेलवरचा बातम्यांतला नवा उपचार अशाच एका बटणावर आहे. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबरमध्ये मान्यता दिलेल्या कॅसजेव्हीमध्ये चुकलेलं अक्षर दुरुस्त करतच नाहीत. गॅमाचं पान मिटवून ठेवणाऱ्या प्रथिनाचं बटण रक्ताच्या मूळपेशींत कापून टाकतात. पान पुन्हा उघडतं आणि गर्भातलं हिमोग्लोबिन परत बनू लागतं. कापणारी कात्रीही एन्झाइमच, जिवाणूंकडून घेतलेली. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. शिवाय आधी जुना अस्थिमज्जा औषधांनी साफ करावा लागतो, तो त्रास वेगळा. आपल्याकडे दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेनं 'बिरसा १०१' नावाचा उपचार विकसित केला आहे आणि त्यासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी हातमिळवणी झाली आहे. तोवर हायड्रॉक्सीयुरियाची गोळी आहेच. तीही गॅमाचं पान थोडं उघडते, आणि तिला डॉलर लागत नाहीत.

"मग लशीनं पण जनुक बदलतं का?"

हे काकांनी मध्येच विचारलं. जून २०२२ मध्ये परवानगी मिळालेली पुण्याच्या जिनोव्हा कंपनीची कोविड लस किंवा परदेशातल्या तशाच लशी म्हणजे नुसता उतारा. तो बाहेरच्या कारखान्यात वाचला जातो, त्यावरून विषाणूचं एक प्रथिन बनतं, शरीर ते ओळखायला शिकतं आणि उतारा काही काळानं नष्ट होतो. केंद्रकातल्या नोंदवहीपर्यंत तो जातच नाही. उताऱ्यावर पेनानं काही खरडलं म्हणून तलाठ्याच्या दप्तरातली नोंद बदलत नाही.

लग्न मोडायचं का?

मुलगा 'एए' असेल तर काळजीचं काही नाही. फार तर मुलं वाहक होतील. मुलगाही 'एएस' असेल तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता चारात एक. याचा अर्थ 'चार मुलांपैकी एक' असा लावतात, ते चूक. पहिलं बाळ एसएस झालं तरी दुसऱ्याच्या वेळी शक्यता पुन्हा तेवढीच. शिवाय मुलाची सोल्युबिलिटी निगेटिव्ह आली म्हणून तेवढ्यावर थांबू नये. थॅलेसेमिया, म्हणजे हिमोग्लोबिनची माळच कमी बनण्याचा आजार, त्याचा वाहक त्या चाचणीत सापडत नाही, आणि सिकलसेल-थॅलेसेमिया अशी जोडीही बाळाला त्रास देते. दोघांची पूर्ण तपासणी आणि समुपदेशन सरकारी रुग्णालयात होतं. लग्न करायचं की नाही, हे त्या दोघांनी ठरवायचं. मुलीचा रिपोर्ट व्याह्यांपासून लपवायचा का, यावर मात्र मी काकांना स्पष्ट नाही म्हटलं.

"पण आमच्या घरात कोणालेच नाही," काका पुन्हा मूळ मुद्द्यावर आले.

मी म्हटलं, काका, तिच्याकडच्या दोन प्रतींपैकी एक तुमची, एक काकूंची. चुकलेली जी आहे, ती तुमच्या दोघांपैकी कोणाकडून तरी आलेली असणार. तुमचं किंवा काकूंचं सगळं आयुष्य त्या अक्षरासकट गेलंय, आणि कळलंही नाही.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग टीव्हीचा आवाज कमी केल्याचं ऐकू आलं.

"ते रक्त उपाशीपोटी द्या लागते का बा?"

नाही, म्हटलं. जेवून जा.